उजेड ओळखणारं बी

पाऊस ओसरला की कोकणात परड्यात वाफे पडतात. मुळा, लाल माठ यांच्या जोडीला हल्ली बरेच जण लेट्यूसचं पाकीटही आणतात. माठ बघता बघता वर येतो, शेजारचा लेट्यूसचा वाफा मात्र ओसाडच राहतो. मग ठरलेला निष्कर्ष निघतो: बी बोगस होतं. बहुतेक वेळा बी उत्तम असतं. आपण ते खोल पुरलेलं असतं, नाहीतर ऑक्टोबरच्या तापलेल्या मातीत टाकलेलं असतं.

लेट्यूसच्या कित्येक वाणांचं बी उजेड मिळाल्याशिवाय नीट रुजत नाही. कसला उजेड, याचा छडा 1952 साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात लागला. हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी 'ग्रँड रॅपिड्स' वाणाचं भिजवलेलं बी अंधारात ठेवून त्यावर मिनिटभर लाल प्रकाश टाकला. शंभरातल्या 70 बिया रुजल्या. लाल प्रकाशापाठोपाठ 'फार-रेड', म्हणजे लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा प्रकाश दिला, तर फक्त 6 रुजल्या. त्यावर पुन्हा लाल दिला की आकडा परत सत्तरीपार. ही अदलाबदल कितीही वेळा करा, शेवटी कोणता प्रकाश पडला त्यावरच सगळं ठरत होतं. वनस्पतिशास्त्रात इतका देखणा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

यामागे फायटोक्रोम नावाचं रंगीत प्रथिन आहे. त्याची दोन रूपं. पहिलं 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषून दुसरं होतं. दुसरं 730 च्या आसपासचा फार-रेड शोषून पुन्हा पहिलं होतं. काम करतं ते दुसरं रूप. ते वाढलं की बियात जिबरेलिन हे संप्रेरक तयार होतं, गर्भाभोवतीच्या पेशींच्या भिंती विरघळवणारी विकरं सुटतात, वेढा सैल पडतो आणि मूळ बाहेर डोकावतं. अब्सिसिक आम्ल हे संप्रेरक याच्या उलट, बियाला थोपवून धरतं.

हे सगळं कशासाठी? बारीक बियात शिदोरी जेमतेम असते. हिरवी पानं लाल प्रकाश खाऊन टाकतात आणि फार-रेड खाली झिरपू देतात. म्हणजे दाट झाडोऱ्याखाली पडलेल्या बियाला डोक्यावर दुसऱ्याची पानं आहेत हे कळतं, आणि ते थांबतं.

उष्णतेचंही तसंच. माती 28 ते 30 अंशांच्या वर गेली की अनेक वाणांत अब्सिसिक आम्लाची पातळी उतरत नाही, शिवाय फायटोक्रोमचं कामाचं रूप उष्णतेने आपोआप मागे फिरतं. उजेड असूनही बी ढिम्म. माठाला ही अडचण नाही, त्याला ऊबच हवी असते.

म्हणून किनारपट्टीवर पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत करावी, रात्री गार व्हायला लागल्यावर. जांभ्याच्या मातीत कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट मिसळून वाफा किंवा कुंडी भुसभुशीत करा. बी वरच भुरभुरून तळहाताने हलकेच दाबा. झाकायचंच तर चिमूटभर चाळलेली माती पुरे. पाणी फवाऱ्यानेच द्या. मुंग्या बी उचलून नेतात, तेवढं लक्ष ठेवा. घाई असेल तर बी ओल्या फडक्यात थोडा वेळ उजेडात ठेवून दोन-तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि मग पेरा.

पेरणी संध्याकाळी करावी. बी पाणी पितं ते पहिले तास निर्णायक असतात, ते रात्रीच्या गारव्यात जातात. अमावास्या-पौर्णिमा पाहून पेरण्याला मात्र काही आधार नाही. पौर्णिमेचं चांदणं उन्हाच्या सुमारे चार लाखावा भाग असतं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन मिळणार असलेल्या बियाला तिथी कोणती याने काय फरक पडणार? पंचांगापेक्षा दहा-पंधरा रुपयांचं फवाऱ्याचं झाकण जास्त उपयोगी पडेल.

चार पानं आली की रोपं वीतभर अंतरावर लावा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा बघा. पोफळीच्या कडेची चालते. गड्डा धरणारं आइसबर्ग इथे नको, त्याला लांबलचक थंडी लागते. सुट्या पानांचे वाण घ्या आणि पाच-सहा आठवड्यांनी बाहेरची पानं खुडत राहा.

फेब्रुवारी सरता सरता ऊन आणि दिवस दोन्ही वाढतात, तसा मधला दांडा उंच सुटतो. पान मोडलं की पांढरा चीक येतो आणि त्यातल्या लॅक्ट्युसिनमुळे चव कडवट होते. पाणी कितीही घातलं तरी ती परतत नाही. बाकीची रोपं उपटा, एखादं राहू द्या. पिवळी फुलं येतील, मग म्हातारीसारखे केस असलेलं बी. लेट्यूस स्वपरागित असल्यामुळे, वाण संकरित नसेल तर, पुढची रोपं तशीच निघतात. पावसाळी दमटपणात हे बी महिन्याभरात बिघडू शकतं, तेव्हा चांगलं वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा.