सर्पगंधेपासून मंगळवारच्या ओपीडीपर्यंत

खानापूर-निपाणीकडच्या एखाद्या घरात तरणा मुलगा एकटाच पुटपुटायला लागला, जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय म्हणून ताट ढकलून द्यायला लागला, की आधी देवरशी आणि अंगारा, मग नरसोबाची वाडी, नाहीतर थेट गाणगापूर. सिव्हिलची पायरी त्यानंतर. ह्याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण निम्मं विसावं शतक उलटेपर्यंत भास आणि संशयाच्या ह्या आजारावर, म्हणजे स्किझोफ्रेनियावर, भरवशाची गोळी जगातल्या कुठल्याच डॉक्टरकडे नव्हती. आजीच्या पिढीनं दवाखान्यात नेऊन तरी काय पदरात पडणार होतं?

पडायचं ते धारवाड. तिथलं वेड्यांचं इस्पितळ १८४५ चं, मुंबई इलाख्याच्या काळातलं. घाटाखाली रत्नागिरीचं १८८६ चं. १९१२ च्या कायद्याखाली भरती करायची तर बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे, म्हणजे आजार कमी आणि कोर्टकचेरी जास्त. उपचार म्हणजे कोंडून ठेवणं आणि गुंगीची औषधं. १९३० च्या दशकात युरोपात इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणं आणि विजेचे झटके निघाले. झटके काहींना उपयोगी पडले, आजही पडतात. इन्सुलिनचा प्रकार मागे पडला ते बरंच झालं.

गोळीची गोष्ट सांगताना लोक पॅरिसपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती आपल्याकडच्या झुडपापासून करायला हवी. पश्चिम घाटातही उगवणारी सर्पगंधा. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्या दोघा डॉक्टरांनी तिच्या मुळांचा वेडाच्या झटक्यांवर आणि रक्तदाबावर गुण येतो असं छापून प्रसिद्ध केलं. बाहेरच्या जगानं लक्ष दिलं ते फार उशिरा. मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकील ह्यांचा रक्तदाबावरचा लेख १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात आला, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत मुळांमधून रेसरपिन हे गुणकारी द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि दोन वर्षांत मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन अमेरिकेतल्या रुग्णांवरचे निष्कर्ष मांडू लागले. औषध म्हणून रेसरपिन टिकलं नाही. रक्तदाब खाली येई, मन खचे.

ते टिकलं नाही कारण तोवर क्लोरप्रोमाझिन आलं होतं. १९५० च्या डिसेंबरात पॉल शार्पांतिए ह्यांनी ते फ्रान्सच्या रोन-पूलेंक कंपनीत बनवलं. आंरी लाबोरी हे नौदलातले सर्जन शस्त्रक्रियेतला शॉक कमी करणारं काहीतरी शोधत होते. हे दिल्यावर पेशंट जागा असतो, पण कशाची फिकीर करत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन इस्पितळात डेले आणि डेनिकर ह्या मानसोपचारतज्ज्ञांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि आरडाओरड्याचे वॉर्ड शांत झाले. १९५८ मध्ये बेल्जियमच्या पॉल यान्सेन ह्यांचं हॅलोपेरिडॉल आलं.

ही औषधं करतात काय, हे कळायला पुन्हा सर्पगंधाच उपयोगी पडली. स्वीडनच्या आर्विद कार्लसन ह्यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन दिलं, ससे निपचित पडले. मग ज्यापासून मेंदूत डोपामाइन बनतं ते एल-डोपा टोचलं, ससे हिंडू लागले. म्हणजे डोपामाइन मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे, आणि पुढे १९६३ च्या त्यांच्या कामातून सुचलं की क्लोरप्रोमाझिन, हॅलोपेरिडॉल त्याच निरोपाची वाट अडवतात. २००० चं नोबेल ह्याच कामाला.

वाट अडवली की भासातले आवाज मंदावतात, पण हातपायही जड होतात. मान वाकडी होऊन बसते, बोटं थरथरतात, जीभ अडखळते. सगळ्यात त्रासाचं म्हणजे बसवत नाही. पोरगा कट्ट्यावर टेकतो न टेकतो तोच उठतो, दारापासून गोठ्यापर्यंत येरझाऱ्या घालतो, रात्री अंथरुणात पाय हलवत राहतो. घरच्यांना वाटतं, आजार वाढला. "ह्या झोपेच्या गोळ्यांनीच पोराचं वाटोळं केलं," म्हणत स्ट्रिप बंद होते आणि काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डोस कमी करून, औषध बदलून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन ह्यातलं बरंचसं निभावतं, एवढं सांगायला ओपीडीच्या गर्दीत कुणाला सवड मिळत नाही. गोळ्या चुकतात म्हणूनच १९६० च्या दशकात फ्लुफेनाझिनचं दोन-चार आठवडे पुरणारं इंजेक्शन निघालं.

क्लोझापिन ह्या औषधाचं नशीब वेगळंच. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणारे काही रुग्ण पांढऱ्या पेशी घटून दगावले आणि औषध बाजूला पडलं. १९८८ मध्ये जॉन केन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाकी काही लागू न पडलेल्यांनाही ह्यानं गुण येतो. तेव्हापासून ते रक्ततपासणीच्या अटीवर मिळतं, सुरुवातीचे महिने दर आठवड्याला. घाटातल्या कणकुंबीकडच्या माणसानं भर पावसाळ्यात दर आठवड्याला लॅब गाठायची म्हणजे काय, ते तो रस्ता पाहिलेल्यालाच कळेल. रिस्पेरिडॉन आणि ओलान्झापिन ही औषधं १९९० च्या दशकातली. थरथर कमी, पण वजन आणि साखर वाढते. भारतात तेव्हा औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होतं, त्यामुळे इथल्या कंपन्यांनी ती स्वस्तात आणली.

विडी-तंबाखूच्या निपाणीसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. विडीच्या धुरानं यकृतातलं एक एन्झाइम जोर धरतं आणि ओलान्झापिन, क्लोझापिन अंगातून लवकर निघून जातात. दोष धुराचा आहे, निकोटिनचा नाही. चुना लावून तंबाखू मळणाऱ्याला हा फरक पडत नाही, विडी ओढणाऱ्याला पडतो. इस्पितळात विडी बंद होते, रक्तातलं औषध चढतं, पेशंट पेंगतो. घरी येऊन बंडल उघडलं की तेच औषध उतरतं. म्हणून डॉक्टरांना दिवसाच्या विड्या खऱ्या सांगाव्यात आणि त्या एकदम सोडल्या तर तेही सांगावं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव आणि धारवाड दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. सीमाप्रश्नावर बोलणारे ह्या आजाराकडे वळत नाहीत, पण वळायला हवं. रक्ताच्या तपासणीत स्किझोफ्रेनिया दिसत नाही. तो ऐकावा लागतो : आवाज एक की दोन, शिव्या घालतात की हुकूम सोडतात. बेळगावात मराठी समजणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. धारवाडला किंवा तालुक्याला नवा कन्नड डॉक्टर असला, की मामाचा मुलगा दुभाषी होतो. पेशंट पाच मिनिटं बोलतो आणि पोहोचतं एवढंच : "बरा हाय म्हणतोय." डोस त्या दोन-तीन शब्दांवर ठरतो.

१९८० च्या दशकात बेंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसोपचार संस्थेनं बळ्ळारीत जिल्हा पातळीवरच्या उपचारांचा प्रयोग केला, त्यातून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकात मनोचैतन्य योजनेखाली तालुक्याच्या दवाखान्यात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ बसतात, त्यामुळे दर वेळी धारवाड गाठावं लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आवश्यक यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी ठिकाणी मोफत मिळायला हवीत. हे कलम १८. काउंटरवर 'संपलंय' असं उत्तर आलं, तर ह्या कलमाचा आकडा सांगून विचारता येतं. उपचारांची माहिती रुग्णाला समजेल त्या भाषेत देणंही ह्याच कायद्यानं बंधनकारक आहे, आणि टेली-मानस ह्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ ह्या मोफत क्रमांकावर भाषा निवडता येते.