टक्का डॉक्टरांचा, कमाई कामगाराची

मुंबईत अपंगत्वाचा दाखला काढून आलेल्या माणसाला शेजारीपाजारी पहिलं विचारतात, "किती टक्के दिले?" काय झालंय, कोणतं काम आता जमत नाही, हे नंतर. टक्क्याला एवढं वजन कुठून आलं हे पाहायचं तर शंभर वर्षं मागे, गिरण्या-गोदीच्या मुंबईत जावं लागतं.

त्याआधी यंत्रात हात गेलेल्या कामगाराला भरपाई मागायची, तर चूक मालकाची होती हे दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागे. कामगारासाठी हे न परवडणारंच होतं. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला आणि 'चूक कोणाची' हा प्रश्न बराचसा मागे पडला. कामावर असताना इजा झाली का, आणि त्याने कमाईची ताकद किती घटली, हे मुख्य झालं. किती घटली ते ठरवायला कायद्याला एक तक्ता जोडला होता. मूळ तक्त्यात उजवा हात कोपराच्या वर तुटला तर 70 टक्के, डावा तुटला तर 60. डावखुऱ्याने काय करायचं, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. पुढे तक्ता सुधारला: अंगठा गेला तर 30, तर्जनी 14, करंगळी 7, दुसरा चांगला असताना एक डोळा गेला तर 40. वाचताना कसंसंच होतं. तरी त्याची एक जमेची बाजू होती. तुटलेलं बोट सगळ्यांना दिसतं आणि समोरचा आकडाही वाचता येतो, त्यामुळे डॉक्टरच्या मतावर फारसं काही अडत नसे.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. कामगाराने अपघाताची नोटीस दिल्यावर तीन दिवसांच्या आत मालकाने आपल्या खर्चाने डॉक्टरी तपासणी देऊ केली, तर कामगाराला ती करून घ्यावी लागे. नकार दिला तर तेवढा काळ भरपाईचा हक्क थांबे. म्हणजे मालकाचा डॉक्टर पहिल्या दिवसापासून हजर, आणि कामगाराने आपला डॉक्टर आपण शोधायचा. कंपनीच्या डॉक्टरने 'फिट' लिहिलं आणि सरकारी हॉस्पिटलच्या केसपेपरवर वेगळंच आहे, हा आजही दिसणारा घोळ तितका जुना आहे.

खरी अडचण आली ती न दिसणाऱ्या इजांची. कंबर, डोकं, कान, फुप्फुसं तक्त्यातल्या बोटांसारखी मोजता येत नाहीत. गिरणगावातला कापसाच्या धुळीचा रोग, बिसिनोसिस, हे त्याचं ठळक उदाहरण. ब्लोरूम (कापूस मोकळा-साफ करण्याचं खातं) आणि कार्डिंग (कापूस विंचरण्याचं खातं) इथे धूळ सर्वांत जास्त. तिथल्या कामगाराची छाती सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळायची, आठवडा सरता सरता हलकं वाटायचं, आणि पुढच्या सुटीनंतर पुन्हा तेच. बरीच वर्षं गेली की रोजचीच धाप लागे. हा रोग एक्स-रेत वेगळा ओळखू येत नाही. तो ओळखायचा तर कोणत्या खात्यात किती वर्षं काढली हे विचारावं लागतं, आणि पाळीच्या आधी व नंतर फुंकून श्वासाची ताकद मोजावी लागते. डॉक्टरने तेवढं न विचारता कागदावर 'दमा' किंवा 'जुनाट खोकला' लिहिलं की दावा तिथेच लंगडा पडे. बिडी ओढत असेल तर मग विचारूच नका, सगळा दोष बिडीचा. कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत हा रोग आहे. तरीही भरपाई अडायची ती कागदावर न लिहिलेल्या त्या एका ओळीपाशी: 'कार्डिंग खात्यात इतकी वर्षं'. 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तसा नोकरीचा पुरावा जमवणंही जड झालं.

1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कमाई किती घटली हा प्रश्न एकट्या डॉक्टरच्या हातून काढून मेडिकल बोर्डाकडे दिला. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर वर अपील. कायमच्या अपंगत्वासाठी एकरकमी पैसे न देता पगाराच्या प्रमाणात नियमित रक्कम द्यायची, हाही मोठा बदल. या विम्याबाहेरच्या कामगारांसाठी 1923 च्या कायद्याला झालेल्या 1984 च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं की तक्त्यात नसलेल्या इजेत कमाईची घट किती, ते पात्र डॉक्टरने ठरवावं आणि ठरवताना तक्त्यातले आकडे नजरेसमोर ठेवावेत.

पण शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का एकच का? सर्वोच्च न्यायालयापुढे ओडिशातल्या एका सुताराचं प्रकरण आलं होतं. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, तक्त्याप्रमाणे द्या. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालात न्यायालयाने सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व शंभर टक्के. 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या अपघात भरपाईच्या खटल्यात हीच गोष्ट आणखी सोलून मांडली गेली: हात गेलेल्या ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते. वाटेल तसे दाखले वाटणाऱ्या डॉक्टरांबद्दल न्यायालयाने तिथेच सावधही केलं. नुसता दाखला पुरावा नाही; उपचार करणाऱ्या किंवा तपासून अपंगत्व ठरवणाऱ्या डॉक्टरने साक्षीला येऊन उलटतपासणी द्यायला हवी. केईएम, सायन, नायरसारख्या गर्दीच्या हॉस्पिटलांतून डॉक्टरला कोर्टात आणणं किती सोपं आहे, ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

सरकारी सवलतींची वाट यापासून वेगळी. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने 40 टक्क्यांची रेघ ओढली. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, रेघ मात्र तीच ठेवली. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासूनची, पण अपंग म्हणून अर्ज करायचा तर आता तिथेही 40 टक्क्यांचा दाखला लागतो. 39 आणि 40 मध्ये शरीराच्या हिशोबाने काहीच फरक नसतो, घरखर्चाच्या हिशोबाने मात्र पुष्कळ असतो. हे टक्के मोजायची पद्धत केंद्र सरकारने 4 जानेवारी 2018 च्या अधिसूचनेत बारकाईने दिली, 2024 मध्ये ती सुधारली. त्यात सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, ऐकू येण्याची पातळी मोजतात. माणूस कमावतो कशावर, हे विचारत नाहीत. त्यामुळे सवलतीसाठी काढलेला दाखला भरपाईच्या दाव्यात जसाच्या तसा जोडला, की समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 व 1948 हे दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले. बोटांचा तक्ता मात्र संहितेच्या परिशिष्टातही आहे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.