जाम कोण, इंजिन की शाफ्ट?

नारळी पौर्णिमा झाली की आमच्या खाडीवर एक वाक्य दरवर्षी ऐकू येतं, "इंजिन जाम झालंय." १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. तेवढ्या काळात शाकारून ठेवलेली बोट पाण्यात लोटायची वेळ आली, सेल्फ मारला, आणि नुसतं 'टक' झालं की लोक लगेच इंजिनाच्या नावाने खडे फोडतात. चार-चार पावसाळे वाळूत पडून राहिलेल्या बोटीची तर गोष्टच नको. तिच्याकडे लांबून पाहूनच निदान होतं.

पण 'जाम' हा एकच शब्द दोन वेगळ्या दुखण्यांना वापरला जातो. एक, इंजिन स्वतःच धरलेलं असतं, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो त्या लायनरला चिकटलेला किंवा इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, क्रँक, बेअरिंगमध्ये अडकलेला. दुसरं, इंजिन बिचारं मोकळं असतं आणि मागचा शाफ्ट, म्हणजे पंख्यापर्यंत जाणारा दांडा, पाण्यातला पंखा किंवा गिअर बॉक्स त्याला फिरू देत नाही. पुढून पाहिलं तर दोन्ही सारखंच, इंजिन हलत नाही. इंजिन बाहेर काढायचं ठरलं असेल, तर या दोनांतलं कोणतं हे आधी कळलंच पाहिजे. कारण काय आधी सोडायचं, काय कापायचं आणि काय वाचवायचं, ते सगळं त्यावरच ठरतं.

आमचे मेस्त्री फार बोलत नाहीत. कुणी जाम म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, "आदी कपलिंग सोड, मगे काय ता बोल."

कपलिंग म्हणजे गिअर बॉक्सची मागची तबकडी आणि शाफ्टची पुढची तबकडी, चार किंवा सहा बोल्टांनी एकमेकींना बांधलेल्या. इंजिन आणि मागचा भाग यांची खरी हद्द तीच. ती सोडली की दोघांची वेगळी साक्ष घेता येते. जुन्या बोटीत हे बोल्ट सुखासुखी येत नाहीत. गंज लागून नट आणि बोल्ट एकजीव झालेले असतात. गॅसने तापवायचा मोह होतो, पण तळात साचलेलं डिझेल-ऑइलमिश्रित पाणी आधी उपसून, हवा खेळती करून मगच तो विचार करावा. छिन्नीने नट फोडणं वेळखाऊ असलं तरी बोट पेटत नाही.

कपलिंग सोडायच्या आधीही हाताला बरंच कळतं, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. सेल्फ मारून पाहू नका. इंजिनाचा पट्टा सैल करा, म्हणजे पाण्याचा पंप किंवा अल्टरनेटर धरला असेल तर तो चोर बाजूला पडेल. सेल्फ मोटरचा दात फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकात, अडकून बसलेला नाही ना, तेही पाहा. मग क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावा, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने सावकाश जोर द्या, आणि हाताकडे लक्ष ठेवा.

पाना दोन-तीन बोटं पुढे जाऊन थांबला, थांबतानाही स्प्रिंगसारखा मागे लोटला, तर संशय मागच्या भागावर. गिअरच्या दातांमधली ढिलाई आणि फ्लायव्हीलला लावलेल्या डँपर प्लेटच्या स्प्रिंगा एवढी हालचाल देतात. त्यापुढे शाफ्ट अडवतो. पाना जराही हलला नाही, भिंतीला लावल्यासारखा राहिला, तर बहुतेक इंजिनच धरलेलं. आणि चांगला पाव फेरा, अर्धा फेरा मोकळा जाऊन एकदम ठोकर लागल्यासारखा थांबला, तर ते तिसरंच काही असतं. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं आहे. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्यावर आदळतो. अशा इंजिनाला सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे काम डिझेल फवारणारी नोझल काढून पाणी उडवल्याने भागलं असतं, ते क्रँकपर्यंत जातं.

ही स्प्रिंगची खूण गिअर टाकलेला असताना, जुन्या मेकॅनिकल गिअर बॉक्सवर खरी. हायड्रॉलिक गिअर बॉक्स असेल तर इंजिन बंद असताना ऑइलचा दाब नसतो, क्लच सुटलेला असतो, आणि मागे शाफ्ट कितीही जाम असला तरी इंजिन सहसा फिरायला हवं. तरी ते हलत नसेल तर एक तर इंजिन, नाही तर वर्षानुवर्षं पाणी शिरून गंजलेल्या क्लचच्या प्लेटा. म्हणून आपल्या बोटीत कोणता बॉक्स आहे हे माहीत नसताना कुणी छातीठोकपणे निदान केलं, तर ऐकून घ्यावं आणि कपलिंग सोडायला लागावं.

गेल्या वर्षी ऑगस्टात एका ट्रॉलरचं असंच झालं. मालकाने इंजिन काढायला माणसं सांगून ठेवली होती. कपलिंग सुटल्यावर इंजिन एका हाताने फिरलं. मागे जाऊन पाहिलं तर पंखा आणि शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश यांच्यामध्ये जाळ्याचा नायलॉन गुंडाळला गेला होता. शाफ्टच्या घर्षणाने तो वितळून, थंड होऊन, बांगडीसारखं कडक कडं झालेलं. करवतीच्या पात्याने ते तोडायला जेमतेम अर्धा तास लागला. बोलावलेल्या माणसांचा चहा-वडा मात्र मालकाला द्यावाच लागला.

शाफ्ट धरण्याची बाकीची कारणंही बहुतेक अशीच साधी असतात. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडची दोरी वाळून दगडासारखी होते. पाण्याने वंगण मिळणारा रबरी बुश कोरडा राहिला की शाफ्टला चिकटतो. पंख्यावर कालवं धरतात. ग्लँडचा नट सैल करायचा, साबणाचं पाणी सोडायचं, शाफ्टला फडकं गुंडाळून पाइप पाना लावायचा आणि पुढे-मागे हलवत राहायचं. पाना ग्लँडच्या किंवा बुशच्या जागेवर मात्र लावू नये. तिथे ओरखडा पडला की पाणी गळायला कायमची वाट होते.

इंजिन खरोखर धरलं असेल तर त्यातही दोन प्रकार. चालताना पाणी किंवा ऑइल संपून तापून धरलेलं, आणि पडून राहून गंजून धरलेलं. पहिल्यात धातू धातूला चिकटलेला असतो, भिजवून फारसं काही होत नाही. दुसऱ्यात आशा असते. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइलचं पातळ मिश्रण सोडायचं, आठ-दहा दिवस रोज थोडं घालायचं, आणि रोज पान्याने दोन्ही दिशांना हलकासा जोर द्यायचा. लांब पाइप लावून चार जणांनी लोंबकळलं की पुलीचा नट तुटतो, इंजिन तसंच राहतं.

आता काढण्याचं. इंजिन जाम आणि शाफ्ट मोकळा असेल तर काम सरळ आहे. कपलिंग सोडून शाफ्ट दोन-तीन इंच मागे सरकवला की तबकड्या सुटतात आणि इंजिन वर उचलायला मोकळं होतं. बोट पाण्यात असेल तर मात्र एक गोष्ट विसरू नका. शाफ्टला आतल्या बाजूने क्लँप लावा. सुटा शाफ्ट मागे घसरून बाहेर गेला, तर त्याच्या भोकातून खाडी आत येते. गिअर बॉक्स आधी काढायचा असेल तर इंजिन फिरवायची गरज पडत नाही. त्याचा इनपुट शाफ्ट डँपर प्लेटच्या खाचांमध्ये नुसता बसलेला असतो, बोल्ट काढून सरळ मागे ओढला की येतो. गंजला असेल तर कुरकुरतो, एवढंच.

उलट शाफ्ट जाम आणि इंजिन बाहेर काढायचं, तर अडचण वेगळी. तबकड्यांचा मधला गोल उंचवटा एकमेकींत बसलेला असतो. शाफ्ट मागे जात नाही, म्हणून इंजिनच पुढे सरकवावं लागतं. पायाचे बोल्ट सोडून, पहार लावून, दोन इंच पुढे. लाकडी बोटीत बैठकीचे लाकूड डिझेलने मऊ झालेलं असतं, पहारीखाली फळी ठेवली नाही तर पहार लाकडातच रुतते. शाफ्टही काढायचा असेल तर त्याची तबकडी उतरवावी लागते. तिथे घणाचं काम नाही. घणाने तबकडी निघत नाही, गिअर बॉक्सची बेअरिंगं मात्र जातात. दोन तबकड्यांच्या मध्ये, शाफ्टच्या तोंडावर, शाफ्टपेक्षा किंचित बारीक लोखंडी गोळा किंवा पान्याचा सॉकेट ठेवायचा, लांब बोल्ट घालायचे आणि आळीपाळीने थोडे-थोडे आवळायचे. शाफ्ट आपोआप तबकडीतून मागे ढकलला जातो.

दोन्ही जाम असतील आणि पुढे सरकवायला जागाही नसेल, तर कपलिंग आणि ग्लँड यांच्या मधोमध शाफ्ट कापावा. जीव तुटतो, पण शाफ्ट नवा मिळतो.

उचलण्याबद्दल थोडक्यात. सहा सिलिंडरचं मरीन डिझेल गिअर बॉक्ससह अर्ध्या टनाच्या पुढे जातं. दोन टनांची चेन कुप्पी, इंजिनाच्या स्वतःच्या उचलायच्या कड्या, आणि वाळूत न रुतणारी तिपाई एवढं हवंच. एक्झॉस्टला दोरी बांधून उचलणारे मी पाहिलेत. बिडाचा तुकडा हातात येतो आणि इंजिन खाली.

शेजारची लाकडी बोट मात्र खरीच इंजिनाने धरलेली निघाली. कपलिंग सोडल्यावर शाफ्ट फिरला, इंजिन हललं नाही. दहा दिवस भिजवलं, नाहीच. शेवटी कुप्पी लावून वर काढलं, किनाऱ्यावर हेड उघडलं. सहापैकी पाच लायनर चकचकीत, आपला चेहरा दिसेल असे. पाचव्या नंबरच्या सिलिंडरचा तेवढा तपकिरी, पिस्टनवर गंजाची साय. बोट शाकारली तेव्हा इंजिन थांबताना नेमका त्याच सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, आणि केबिनच्या छतावर उभ्या असलेल्या एक्झॉस्ट पाइपच्या तोंडावर ठेवलेला डबा पहिल्याच पावसात उडाला होता. चार पावसाळे पाणी सरळ तिथे उतरलं.

हेड उघडलं तेव्हा बघायला जमलेले लोक संध्याकाळी आपापल्या बोटींवर चढले. दुसऱ्या दिवशी तीन बोटींच्या पाइपांवर दोरीने बांधलेले डबे होते, आणि एकीवर करवंटी.