सहाध्यायी मध्यस्थी

शाळेत दोन विद्यार्थ्यांचे भांडण झाले, की साधारण त्यांच्याच वयाच्या प्रशिक्षित विद्यार्थ्यांनी त्यांना समोरासमोर बसवून तोडगा काढायला मदत करण्याची पद्धत. तोडगा भांडणारेच काढतात. मध्यस्थ निवाडा देत नाही. प्रशिक्षणाचा सर्वांत अवघड भाग हाच, कारण मुलांना पंच माहीत असतो, मध्यस्थ नाही. अमेरिकेतील शाळांत ही पद्धत १९७०-८० च्या दशकांत रुजली.

पाचवीपासून पुढे १२ ते १५ तासांचे प्रशिक्षण पुरते. त्यातला बहुतेक वेळ भूमिका करून सरावाला द्यावा. प्रसंग रोजचेच घ्यावेत: नळावरची रांग, खिडकीजवळचा बाक, व्हॅनमधली जागा, चिडवायची नावे. ठाणे-नवी मुंबईतल्या वर्गांत घरी आगरी, प्रमाण मराठी आणि हिंदी बोलणारी मुले शेजारी बसतात. रागावलेले मूल मनातले बोलते ते घरच्या भाषेत. म्हणून मध्यस्थ दोघे असावेत आणि दोन्ही बाजूंची बोली त्यांच्यापैकी कुणाला तरी कळावी.

बैठक १५-२० मिनिटांची. आधी नियम: मध्ये बोलायचे नाही, शिव्या नाहीत, इथले बाहेर सांगायचे नाही. मग एकेकाने आपली बाजू मांडायची आणि मध्यस्थाने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायची: ‘म्हणजे न विचारता कंपास घेतला म्हणून तुला राग आला, बरोबर?’ ‘का केलंस?’ हा प्रश्न टाळावा. तो ऐकताच मूल सबबी शोधू लागते. ‘मग काय झालं?’ विचारले, की ते बोलत राहते. शेवटी करार कागदावर लिहून सह्या घ्यायच्या. ‘नीट वागू’ असला करार दोन दिवसही टिकत नाही. ‘कंपास मधल्या सुट्टीआधी परत देईन’ असा असेल तर पाळला गेला की नाही, हे आठवड्याने तपासता येते.

फक्त मॉनिटर आणि हुशार मुले निवडली, तर बाकीचे त्यांना ‘बाईंची माणसं’ समजतात. शिक्षकांनी शिक्षा म्हणून बैठकीला पाठवले, तर मुले सही करतात आणि बाहेर पुन्हा भांडतात. दोन सत्रांच्या इमारतीत शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा मिळत नाही. तेव्हा मधल्या सुट्टीत बसावे आणि वेळ अपुरा पडला तर दुसऱ्या दिवसाची वेळ तिथेच ठरवावी.

दादागिरी, दुखापत, जातीवरून अपमान किंवा लैंगिक छळ यांत मध्यस्थी कधीही करू नये. तिथे दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने (२०१२) बंधनकारक आहे. त्यामुळे ‘बाहेर सांगायचे नाही’ या नियमाला असलेला हा अपवाद मध्यस्थाने सुरुवातीलाच सांगावा आणि असे काही कानावर येताच बैठक थांबवून शिक्षकांना गाठावे.