कपिंगचे काळेनिळे वर्तुळ म्हणजे बाहेर आलेले ‘विष’ नव्हे

२०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे जांभळे गोल जगाने पाहिले. ते कपिंगचे, म्हणजे त्वचेवर कप लावून आतली हवा ओढण्याच्या उपचाराचे डाग. आपल्याकडे मात्र अशीच ओढ देणारी तुंबडी जुनीच. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी, म्हणजे अंगातले रक्त काढण्यासाठी, शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळा सांगितला आहे. ‘तुंबडी भरणे’ हा वाक्प्रचार वेगळ्या अर्थाने टिकला, आणि काही जाहिराती पाहता तो इथेही लागू पडतो!

आता फिजिओथेरपीच्या खोलीत ऐकू येणारा समज: डाग जितका काळा, तितके शरीरातले विष जास्त. तसे नाही. कपातली हवा ओढली की त्वचा वर खेचली जाते, बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त त्वचेखाली साचते. गुडघा आपटल्यावर पडतो तसलाच हा डाग. तो किती गडद होईल हे ओढ किती जोराची, कप किती वेळ ठेवला आणि त्वचा कशी आहे यावर ठरते. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर ते रक्त शोषून घेते. टाकाऊ द्रव्ये बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंडे आहेत; कोरड्या, म्हणजे त्वचेला चीर न देता केलेल्या, कपिंगमध्ये तर त्वचेबाहेर काहीच येत नाही.

मग दुखणे कमी होते ते खोटे का? नाही. मान-पाठदुखीत काहींना थोडे दिवस आराम पडतो, पण पुरावा कच्चा आहे, कारण रुग्णाला कळू न देता खोटे कपिंग करून तुलना करणे अवघड. म्हणून ते व्यायामाच्या जोडीला ठीक, व्यायामाऐवजी नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.