तौलनिक शिक्षणशास्त्र

निरनिराळ्या देशांच्या शिक्षणव्यवस्थांतील साम्यभेद आणि त्यामागची ऐतिहासिक, सामाजिक कारणे शोधणारी ज्ञानशाखा. ठरावीक प्रश्नावली पाठवून देशोदेशीची माहिती जमवावी, ही कल्पना फ्रेंच लेखक मार्क-आंत्वान ज्युलियन याने १८१७ मध्ये मांडली. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांना मात्र उसनवारीची घाई होती. फ्रान्सचा व्हिक्तोर कूझँ, अमेरिकेचा होरेस मान प्रशियाच्या शाळा पाहून आले आणि त्यांतले आपल्याकडे काय आणता येईल, यावर त्यांनी अहवाल लिहिले.

या उसनवारीला हरकत घेतली ती मायकेल सॅडलर (१८६१–१९४३) यांनी. ते १८९५ पासून इंग्लंडच्या शिक्षणखात्यातील विशेष चौकशी विभागाचे प्रमुख होते. परदेशी शाळांचे अहवाल तयार करणे हेच त्यांचे काम. शाळेच्या आत जे चालते त्यापेक्षा शाळेबाहेरचे जग अधिक महत्त्वाचे असते, असे त्यांनी १९०० मध्ये गिल्डफर्ड येथील व्याख्यानात सांगितले; बागेत हिंडणाऱ्या मुलाने एका झुडपाचे फूल, दुसऱ्याची पाने तोडून मातीत खोचली तर रोप जगत नाही. वरिष्ठांशी न पटल्याने त्यांनी १९०३ मध्ये नोकरी सोडली. पुढे ते मँचेस्टरला प्राध्यापक आणि लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे (१९१७–१९) अध्यक्ष म्हणून ते भारतात आले. इंटरमीजिएटचे (मॅट्रिकनंतरच्या दोन वर्षांचे) वर्ग विद्यापीठातून काढावेत आणि त्यानंतर पदवी तीन वर्षांची असावी, ही त्या आयोगाची शिफारस. आपल्याकडची अकरावी-बारावी कधी शाळेत, कधी कॉलेजात भरते, त्या वादाचे मूळ इतके जुने आहे. १०+२+३ हा आकृतिबंध पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवला. जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. सदस्यांत इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, जपान व सोव्हिएत रशियातील तज्ज्ञही होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर आकडेवारीचे वजन वाढले. २००० पासून घेतली जाणारी देशोदेशीच्या पंधरा वर्षांच्या मुलांची वाचन, गणित व विज्ञानाची ‘पिसा’ चाचणी हे त्याचे ठळक उदाहरण. तिच्या २००९ च्या फेरीला जोडून हिमाचल प्रदेश व तमिळनाडू सहभागी झाले आणि ७४ देश-प्रदेशांच्या यादीत तळाशी राहिले. प्रश्न आपल्या मुलांच्या परिचयाचे नव्हते, असे म्हणत भारत पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडला. हरकतीत तथ्य असले, तरी तेवढ्याने निकालाचा उलगडा होत नाही.

या शाखेत संशोधन करायचे तर दुसऱ्या देशाची भाषा आणि तिथला दीर्घ मुक्काम चुकत नाही. उच्च शिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक फिलिप आल्टबाख यांनी आरंभी मुंबईतील विद्यार्थी राजकारणाचा अभ्यास केला. त्यावरील पुस्तक १९६८ चे. बॉस्टन कॉलेजमधील त्यांचे आंतरराष्ट्रीय उच्च शिक्षण केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. भारतात हा विषय बहुधा एम.एड.च्या एका पेपरपुरता असतो. त्यातच कारकीर्द करू पाहणारे म्हणून लंडन, न्यूयॉर्क किंवा हाँगकाँग येथील विद्यापीठांकडे वळतात.