टॉवर ब्रिज, लंडन ब्रिज आणि तिकीट काढून बघायचा पूल: थोडी पार्श्वभूमी

लंडनला जाऊन आलेल्या आपल्या माणसांचे फोटो बघितले की एक गोष्ट हमखास दिसते. खाली लिहिलेलं असतं "लंडन ब्रिजवर आम्ही" आणि मागे असतात दोन दगडी मनोरे, मधे वरच्या बाजूला दोन लांबलचक पट्ट्या आणि बाजूला निळे-पांढरे लोखंडी झोके. हा लंडन ब्रिज नाहीये, हा टॉवर ब्रिज. लंडन ब्रिज त्याच्या शेजारचा, नदीच्या वरच्या अंगाला, पायी दहा-पंधरा मिनिटांवर. सपाट, रुंद, काँक्रीटचा, आणि त्याचा फोटो सहसा कोणी काढत नाही, उलट त्याच्या कठड्याला टेकून लोक टॉवर ब्रिजचे फोटो काढतात. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

मी स्वतः पहिल्या वेळी ट्यूबच्या लंडन ब्रिज स्टेशनला उतरून मनोरे शोधत फिरलोय, त्यामुळे कोणाला हसायचा मला हक्क नाही. (टॉवर ब्रिजला टॉवर हिल स्टेशन जवळ पडतं. पण लंडन ब्रिजला उतरून नदीकाठाने चालत गेलात तरी फुकट जात नाही, पूल लांबून हळूहळू मोठा होत जातो ते बघायला छान वाटतं.)

तर लंडन ब्रिज हे नाव एका पुलाचं नाहीच, एका जागेचं आहे असं समजा. रोमन लोकांपासून त्याच आसपास एकामागून एक पूल झाले. त्यातला सगळ्यात गाजलेला मध्ययुगातला, ११७६ ला सुरू होऊन १२०९ ला पुरा झालेला, १९ कमानींचा, वर घरं-दुकानं थाटलेली, आणि एका टोकाला देहदंड दिलेल्यांची मुंडकी भाल्यांवर टांगलेली. तो सहाशे वर्षांच्या वर टिकला. त्याचे थोडे अवशेष अजून इकडे तिकडे बघायला मिळतात, त्याच्यावरचे दोन दगडी आडोसे व्हिक्टोरिया पार्कात नेऊन ठेवलेत, लोक त्यात बसतात आणि आपण कशात बसलोय हे बहुतेकांना माहीतही नसतं. पुढे १८३१ ला त्याच्या शेजारी ग्रॅनाइटचा पाच कमानींचा नवा पूल उघडला आणि जुना पाडून टाकला. खरी गंमत या १८३१ वाल्याची आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी टॉवर ब्रिज. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनची पूर्व बाजू गोदी-कामगारांनी भरून गेली होती आणि नदी ओलांडायला पूल मात्र लंडन ब्रिजच्या पुढे, समुद्राकडच्या बाजूला, एकही नव्हता. १८७० मध्ये तिथे नदीखालून एक बारका बोगदा काढलेला, अर्धा पेनी देऊन लोक त्यातून वाकत पलीकडे जायचे, वर्षाला दहा लाखांच्या आसपास. साधा पूल बांधला असता तर उंच डोलकाठ्यांची जहाजं वरच्या धक्क्यांपर्यंत जाऊ शकली नसती, आणि धक्क्यांवरचे व्यापारी म्हणजे काही ऐरेगैरे नव्हेत. म्हणून १८७६ ला स्पर्धा जाहीर केली, पन्नासच्या वर आराखडे आले, आठ वर्षं घोळ चालला, आणि १८८४ मध्ये जो पसंत झाला तो शहराच्याच सरकारी वास्तुकाराचा (आधी तोच परीक्षकांबरोबर बसलेला, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती). १८८५ चा कायदा झाला त्यात मापं घालून दिली होती, जहाजांना मधे २०० फूट मोकळी रुंदी आणि पूल उघडल्यावर १३५ फूट उंची हवीच, आणि वर अजून एक अट, पूल दिसायला शेजारच्या किल्ल्याला, म्हणजे टॉवर ऑफ लंडनला शोभेल असा हवा.

या शेवटच्या अटीवरून जितके वाद झाले तितके बाकी कशावरून झाले नसतील. कारण पूल आहे स्टीलचा. जवळपास ११,००० टन स्टीलचा सांगाडा, आणि त्याच्यावर नेसवलाय कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट आणि पोर्टलंडचा दगड. १८९४ च्या ३० जूनला उद्घाटन झालं तेव्हा त्या काळच्या जाणकारांनी याला ढोंग म्हटलं, लोखंडाने लोखंडासारखं दिसावं, किल्ल्याचा अंगरखा कशाला, असा त्यांचा सूर. मला ते पटत नाही पूर्णपणे. एक तर दगडामुळे आतलं स्टील झाकलं जाऊन गंजण्यापासून थोडंफार वाचलं, आणि दुसरं म्हणजे नुसता सांगाडा ठेवला असता तर आज कोणी त्याच्यापुढे सेल्फी काढायला थांबलं असतं का? पण वाद खोटा होता असंही नाही. आपण "आठशे वर्षांपूर्वीचा पूल" समजून बघतो तो प्रत्यक्षात वाफेवर चालणारं अवजड मशीन होतं, आणि मशीन म्हणून त्याची जी हुशारी आहे ती या दगडी वेषामुळे पर्यटकाच्या डोक्यातच शिरत नाही.

ती हुशारी अशी. मधला रस्ता दोन झडपांसारखा आहे, एकेक झडप हजार टनांच्या वर. मागच्या टोकाला वजन टाकून ती तोललेली असते, त्यामुळे उचलायला वाटतं त्यापेक्षा खूप कमी जोर लागतो. काठावरच्या इंजिनांमध्ये कोळसा जाळून वाफ करायची, वाफेने पाणी प्रचंड दाबाखाली साठवून ठेवायचं, जहाज आलं की तो दाब सोडायचा आणि झडपा मिनिटाभरात वर. पहिल्या वर्षी सहा हजारांहून जास्त वेळा उचलल्या, म्हणजे रोज सोळा-सतरा वेळा. आजही रस्त्याच्या बरोब्बर मधोमध जाऊन उभं राहिलात तर दोन झडपांच्या मधली फट दिसते, तिच्यातून खाली नदीचं मातकट पाणी दिसतं, आणि बस गेली की पायाखालची जमीन चक्क थरथरते. हे बघायला एक पैसा पडत नाही. आणि माझ्या मते अख्ख्या पुलावर बघण्यासारखं हेच.

तिकीट कशाचं, तर वरच्या त्या दोन पट्ट्यांचं. आणि इथे मूळ मुद्दा येतो. त्या पट्ट्या म्हणजे पादचाऱ्यांसाठी वरून जायचा रस्ता. पूल उघडा असताना लोकांची खोटी होऊ नये म्हणून मनोऱ्यात जिने ठेवले, लिफ्ट ठेवल्या, वरून चालत पलीकडे उतरायचं, सगळं फुकट. कोणी गेलंच नाही. खाली पाच मिनिटं उभं राहिलं की झडपा परत मिटणार, मग एवढे जिने चढून कोण जातंय? उलट पूल उचलला जाताना बघायचीच मजा जास्त. वर मग रिकामटेकडे, पाकीटमार आणि धंदेवाल्या बायका यांचाच वावर राहिला, आणि १९१० मध्ये वरचा मार्ग बंद केला. सत्तर वर्षं बंद. मग १९८२ ला काच लावून, प्रदर्शन मांडून, तिकीट लावून उघडला, आणि तेव्हापासून लोक रांगा लावून तिथे जातात. फुकट होतं तेव्हा नको होतं ते पैसे देऊन हवंहवंसं झालं. वाफेच्या इंजिनांचंही तेच. १९७६ पासून झडपा तेल आणि विजेवर उचलल्या जायला लागल्या, जुनी इंजिनं निवृत्त झाली, त्यांना रंगरंगोटी करून दक्षिण काठावर त्याच तिकिटात दाखवतात. पुलाचा जो जो भाग बिनकामाचा झाला तो तो बघण्याचा झाला.

आता १८३१ वाला लंडन ब्रिज, कारण पूल ही बघायची आणि विकायची वस्तू आहे हे लंडनला कळलं ते माझ्या मते इथेच. हा पूल वाढत्या रहदारीच्या वजनाने हळूहळू खचत होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजलं तर एक बाजू दुसरीपेक्षा तीन-चार इंच खाली गेलेली. साठच्या दशकात ठरलं की पाडून नवा बांधायचा. आणि शहराच्या कारभाऱ्यांपैकी एकाने डोकं लढवलं, पाडायचाच आहे तर विकूया की! लोकांनी वेड्यात काढलं असणार. पण गिऱ्हाईक मिळालं, अमेरिकेतला एक उद्योगपती, ॲरिझोनाच्या वाळवंटात एका तळ्याकाठी नवं शहर वसवत होता आणि तिकडे माणसं खेचायला त्याला काहीतरी हवं होतं. एप्रिल १९६८ मध्ये २४ लाख ६० हजार डॉलरला सौदा झाला. आकडा असा का, याची गोष्ट अशी सांगतात की पूल उकलायचा खर्च १२ लाख, त्याची दुप्पट २४, आणि वर, पूल तिकडे उभा राहील तेव्हा त्या उद्योगपतीचं जे वय असेल त्याच्या प्रत्येक वर्षाचे हजार याप्रमाणे ६० हजार.

मग दगडांवर नंबर टाकले, दहा हजारांच्या वर दगड, जहाजाने पनामा कालव्यातून कॅलिफोर्नियाला आणि तिथून ट्रकने लेक हवासू सिटीला. तिथे पूल आधी कोरड्या जमिनीवर उभा केला आणि नंतर खालून कालवा खणून पाणी आणलं. १९७१ च्या ऑक्टोबरात उद्घाटन.

यावरून दोन भांडणं अजून चालू आहेत. पहिलं, की त्या अमेरिकन माणसाला वाटलं आपण टॉवर ब्रिज घेतोय आणि हातात आला हा साधा पूल. ही गोष्ट इतकी चविष्ट आहे की कुठल्याही गाईडला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही, पण घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, दोघांनीही ती साफ नाकारली होती, आणि जरा विचार केला तरी कळतं, इतके पैसे मोजणारा माणूस फोटो न बघता सौदा करेल होय? तरी गोष्ट मरत नाही, कारण नावांचा घोळ आपण सगळे स्वतः करत असतो, त्यामुळे दुसऱ्यानेही केला असणार असं मनापासून वाटतं. दुसरं भांडण जास्त अवघड. ॲरिझोनातला पूल लंडन ब्रिज आहे का? सगळा पूल तिकडे गेलेलाच नाही, आत नवा सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा आणि बाहेरून जुन्या दगडांची साल चढवलेली. काही दगड तर इंग्लंडातच, डेव्हनच्या एका खाणीत पडून राहिले. मग लंडन ब्रिज म्हणजे ती साल, की थेम्सवरची ती जागा, की नुसतं नाव? गंमत बघा, टॉवर ब्रिजला "वरून दगड आतून भलतंच" म्हणून नावं ठेवली, आणि अस्सल दगडी पूल समुद्रापार गेला तो नेमका तसाच होऊन. माझं मत विचाराल तर लंडन ब्रिज म्हणायचं ते जागेला, म्हणजे थेम्सवर १९७३ ला उघडलेल्या त्या नीरस काँक्रीटच्या पुलाला. पण तिकडे वाळवंटात जाऊन फोटो काढणाऱ्यांना हे सांगून बघा.

योगायोग असा की ज्या एप्रिलात हा पूल विकला गेला त्याच महिन्यात, काही दिवस आधी, हवाई दलाच्या एका पायलटने निषेध म्हणून आपलं लढाऊ जेट टॉवर ब्रिजच्या वरच्या पट्ट्यांखालून, रस्त्यावरून आरपार काढलं होतं. खाली रहदारी चालू असताना. नोकरी गेली त्याची. त्याच्या आधी १९५२ च्या डिसेंबरात एक डबल डेकर बस पुलावर असताना तिच्या खालची झडप उचलायला लागली, ड्रायव्हरने ब्रेक न मारता उलट जोरात रेटली आणि बस फटीवरून पलीकडच्या झडपेवर उडाली, त्याला दहा पौंड बक्षीस मिळालं. या गोष्टी आता वरच्या प्रदर्शनात सांगतात, आणि पुलाबद्दलचं प्रेम मला वाटतं इंजिनिअरिंगपेक्षा असल्या किश्श्यांवरच जास्त पोसलंय.

रंगसुद्धा अलीकडचाच. आधी पूल चॉकलेटी होता, १९७७ ला राणी गादीवर आली त्याला २५ वर्षं झाली म्हणून लाल-पांढरा-निळा केला, म्हणजे आपण ज्याला "व्हिक्टोरियन लूक" म्हणतो त्यातला निळा रंग सत्तरच्या दशकातला. वरच्या मार्गात काचेची फरशी २०१४ ची, खाली ४२ मीटरवर नदी. ती उघडून दोन आठवडे झाले नाहीत तोच कोणाच्या तरी हातून बाटली पडून वरचा थर तडकला. तो थर ओरखडे झेलायलाच असतो, खालची काच शाबूत होती, पण तडकलेला फोटो जगभर फिरला तो फिरलाच. आता काचेवर उभं असताना खाली झडपा उघडताना दिसल्या तर भाग्य समजायचं, कारण वर्षाला साधारण आठशे वेळाच पूल उचलतात. वेळा आधी जाहीर होतात, त्या बघून जा. जहाजवाल्याला २४ तास आधी कळवावं लागतं, पैसे पडत नाहीत, आणि नदीतल्या वाहतुकीला रस्त्यापेक्षा पहिला मान. १९९७ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा ताफा पुलावरून चालला असताना एका शिडाच्या जुन्या बोटीची वेळ झाली, पूल उघडला, ताफा अर्धा इकडे अर्धा तिकडे.

पूल उघडताना बघायचा तर वर जाऊ नका, खाली काठावर उभे राहा. उत्तर काठावर किल्ल्याच्या तिकीटखिडकीजवळ एक छोटी गोल विटांची कोठी दिसेल, ते त्या १८७० च्या बोगद्याचं तोंड. टॉवर ब्रिज टोल न लावता उघडला आणि अर्धा पेनी देणारी गिऱ्हाइकं तिकडे गेली, १८९८ ला बोगदा लोकांसाठी बंद झाला. आतून आता पाण्याचे नळ आणि केबली जातात. तिला टेकून लोक फोनवर पूल उघडायची वेळ बघत असतात. तिला अजून तिकीट नाही.